हर्णै, अंजर्ले, वेळास: तीन दिवसांत कासवं, मासळी आणि पक्षी जमवायचे तर बेत कसा आखावा?

निशिगंध_पुणे

नमस्कार मंडळी,

होळीच्या सुट्टीला जोडून तीन दिवस दापोलीच्या किनाऱ्यावर जायचं चाललंय. आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, आई (वय ७२, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी), सासरे (वय ७५, चालणं ठणठणीत, पक्ष्यांचं वेड, जवळ ८ बाय ४२ ची दुर्बीण) आणि नऊ व बारा वर्षांची मुलं. पुण्याहून स्वतःची गाडी आहे. तारखा थोड्या पुढेमागे करता येतील.

विचारायचंय ते असं. कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना दिसायची शक्यता सर्वांत जास्त कधी असते आणि त्यासाठी वेळासला राहावं की अंजर्ल्याला? हर्णैच्या लिलावात घरगुती गिऱ्हाइकाला मासे मिळतात का, आणि मिळाले तर शिजवून कोण देतं? डॉल्फिन आणि सुवर्णदुर्ग आईला झेपेल का? पक्षी पाहायला नेमकी जागा आणि वेळ कोणती?

रिसॉर्टच्या तलावात मुलांना सोडून बसायचं नाहीये. किनारा नीट बघायचाय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

खाजणकाठ

पहिली गोष्ट, ऐन होळीला जाऊ नका. शिमग्यात पालख्या घरोघर फिरतात, मुंबईकर चाकरमानी गावी आलेले असतात, राहायला जागा मिळत नाही. कोळीवाड्यातल्या होड्या सणासाठी किनाऱ्याला लागलेल्या असतात, त्यामुळे चार-पाच दिवस ताजी मासळीही कमीच. शिमगा बघायचा म्हणून जाणं वेगळं, त्याची मजा मोठी आहे. पण तुमची यादी पाहता होळीच्या आधीचा पंधरवडा गाठा, त्यातही फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे तीन दिवस. तिथी सांगतोय यामागे कारण आहे.

या किनाऱ्यावरची प्रत्येक गोष्ट पाणी कधी चढतं-उतरतं यावर ठरते. होडीत चढणं, खडकांवर फिरणं, पक्षी जवळ येणं, गाडी वाळूत रुतणं, सगळंच. आणि ते काढायला कोकणात साधा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड वाजता भरती. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. म्हणजे द्वितीयेला सकाळी साधारण सव्वासात ते पावणेआठला पाणी सर्वांत खाली, दीड-दोनला सर्वांत वर, आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा खाली. अष्टमीला याच हिशेबाने सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला भरती येते, ओहोटी भर दुपारी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पाऊण पटीचा हिशेब तिथूनच निघाला. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेव्हा होडीची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा अ‍ॅप बघाच.

दुसरा मुद्दा उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा फरक कमी. खडकांतले जीव बघायचे तर उधाणाची ओहोटी हवी आणि ती उजेडात यायला हवी. शुद्ध प्रतिपदा ते तृतीयेला ती सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते, ऊन चढण्याआधी. मुलांना खडकांवर न्यायला याहून चांगली वेळ नाही.

आता कासवं. इथे येतात ती ऑलिव्ह रिडले. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या वेळी वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करतात, एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवून समुद्रात परततात. पहाटे गावातले कासवमित्र किनारा चालतात, मादीचा माग शोधतात, काठीने वाळू चाचपून घरटं काढतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे ती जपून उबवायच्या जागेत, हलवतात. हे घाईने आणि अंडं न फिरवता करावं लागतं. काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून हॅचरीतला खड्डाही मूळच्याच खोलीचा आणि खाली रुंद, वर अरुंद असा काढतात. वेळासला हे काम २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलं. त्याआधी घरटी कुत्री-कोल्ह्यांच्या आणि अंडी विकणाऱ्यांच्या तावडीत होती.

पिल्लं बाहेर यायला ४५ ते ५५ दिवस लागतात. वाळू गार असली की जास्त, तापली की कमी. प्रत्येक खड्ड्यावर तारखेची पाटी असते. १५ जानेवारीचा खड्डा असेल तर पिल्लं १ ते ११ मार्चच्या दरम्यान वर येतील. म्हणून यजमानांना फोन करताना "कासवं दिसतील का?" असं विचारू नका. "आमच्या तीन दिवसांत किती खड्डे पन्नाशीला येतायत?" असं विचारा. तीन-चार खड्डे असतील तर निश्चिंत निघा. एकही नसेल तर तारीख बदला. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा एरवी भरवशाचा काळ. एप्रिल उलटला की वाळू फार तापते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त निपजतात, आणखी तापली तर गर्भच मरतात. हॅचरीवर हिरवी जाळी दिसते ती त्यासाठीच.

सोडण्याची वेळ सकाळी साडेसहा-सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली पिल्लं निघालेली असतात किंवा नसतात. नसली तर पुढच्या वेळेला पुन्हा यायचं, म्हणून एका रात्रीचा मुक्काम तरी ठेवा. म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात.

दोरीबाहेर उभं राहायचं. पिल्लू आणि पाणी यांच्यामध्ये कधीही जायचं नाही. फ्लॅश नाही, विजेरी नाही, हात लावणं तर नाहीच, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात, हा प्राणी आहे. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, पाठीमागून मोबाइलचा उजेड पडला की ती गोल फिरू लागतात. आणि ओल्या वाळूत आपल्या पायाचा जो खोल ठसा उमटतो त्यात पिल्लू उताणं पडतं, त्याला निघायला वेळ लागतो. म्हणून सोडण्याच्या पट्ट्यात आधी मुलांना नाचू देऊ नका. ती पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि स्वतः चालत जाऊ देतात. "उचलून पाण्यात का टाकत नाही?" असं मुलं विचारतीलच. त्या चालण्यात त्यांना किनाऱ्याची ओळख पटते असं मानलं जातं.

मोठ्या मुलाला आवडेल अशी एक गोष्ट सांगून ठेवा. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावर असं प्रथमच झालं म्हणून तिचं नावच प्रथमा ठेवलं. आणि ओडिशात २०२१ साली ओळखीची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनारा सोडून पश्चिमेला.

---

आमसूल

मासळीचं मी सांगते.

हर्णैला लिलाव दोन वेळा होतो, सकाळी आणि दुपारी चारनंतर. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरतात, मासळी लहान होड्यांतून उथळ पाण्यात येते आणि तिथून बैलगाडीवर किंवा डोक्यावर वाळूत. पाटीवर बोली लागते ती व्यापाऱ्यांसाठी. तिथे मध्ये उभं राहून घासाघीस करू नका, त्यांचा धंद्याचा वेळ असतो. लिलावाच्या कडेला कोळणी बसलेल्या असतात, घरगुती गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून घ्यायचं. मांदेली, कोळंबी, बोंबील, लहान बांगडे वाट्यावर मिळतात. सुरमई, रावस, घोळ नगावर किंवा वजनावर. आधी एक पूर्ण फेरी मारून भाव ऐका, मग विचारा. मासे कापून साफ करून देणाऱ्या बायका तिथेच असतात, त्यांचे पैसे वेगळे. सुरमई घेतलीत तर डोकं आणि शेपटाकडचा भाग टाकू देऊ नका, कालवण त्याचंच होतं.

ताजेपणा असा बघा. कल्ला उचला, आत लालभडक हवं, तपकिरी किंवा चिकट नको. डोळा फुगीर आणि काळा हवा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर ताठ राहायला हवा, शेपटी लोंबली की शिळा. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट पाणी आलं पाहिजे, लालसर आलं तर ठेवून द्या. बोंबील गुलाबी झाक असलेला हवा, पिवळा पडलेला नको. चिंबोरी उचलून बघा, आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली. पाठीची कवटी दाबल्यावर मऊ लागली तर ती नुकतीच कात टाकलेली, आत नुसतं पाणी. तिसऱ्या (शिंपल्या) बंद हव्यात, उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली नाही तर फेका.

बांगडा आणि सुरमईबाबत एक सावधगिरी, ती फार लोकांना माहीत नसते. हे मासे उन्हात दोन-चार तास राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. चव-वास फारसा बिघडत नाही, आणि शिजवूनही ते जात नाही. जेवल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात "मला मासे बाधले". बाधतो तो उन्हात राहिलेला मासा. सकाळी घेतलेला बांगडा गाडीच्या डिकीत ठेवून किल्ला बघायला गेलात, तर तो संध्याकाळी खाऊ नका. खरेदी नेहमी शेवटची.

पुण्याला न्यायचे असतील तर थर्माकोलची पेटी, माशाच्या वजनाइतकाच बर्फ, तळाला बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. मासे आतून साफ केलेले हवेत, पोटातल्या घाणीनेच ते आधी बिघडतात. बर्फाचं पाणी साचू देऊ नका, तळाशी भोक पाडा आणि खाली ट्रे ठेवा. बर्फ हर्णैलाच मिळतो.

शिजवून देण्याचं म्हणाल तर पाळंदे, मुरूड, कर्दे, हर्णै भागात बऱ्याच घरगुती खाणावळी आणलेले मासे करून देतात, पण सकाळी दहापर्यंत सांगावं लागतं. ब्राह्मण आळीतल्या घरात राहणार असाल तर मासे आत न्यायचा विषय काढू नका. वेळास, अंजर्ले, केळशीत अशी घरं पुष्कळ आहेत. बुकिंग करतानाच विचारा.

स्वयंपाकघर वापरायला मिळालं तर सहा जणांपैकी खाणारे पाच धरून बांगड्याचं कालवण असं करा. बांगडे ५ मध्यम, प्रत्येकाचे तीन तुकडे. मीठ, अर्धा चमचा हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. दीड वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या ८ बेडगी मिरच्या, १ मोठा चमचा धणे, ४-५ लसूण पाकळ्या, अर्धा कांदा एकदम गंधासारखं वाटा. जाडसर राहिलं तर कालवणाचं पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. वाटण तीन वाट्या पाण्यात सैल करून मंद आचेवर ठेवा, ६-७ आमसुलं घाला. पहिली उकळी आली की मासे सोडा, त्यानंतर पाच-सात मिनिटं, बस. डाव घालून ढवळायचं नाही, भांडं दोन्ही कानांना धरून हलवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. त्रिफळं मिळाली तर सहा-सात ठेचून मासे सोडतानाच टाका, वाटणात वाटू नका, कडू होतं. आमसुलांऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलंत तर मीठ निम्मं करा, आगळात ते आधीच असतं.

दिवसांचं म्हणाल तर पापलेटचा भर दसरा ते डिसेंबर, तेव्हा मार्चमध्ये त्याचा हट्ट धरू नका. बांगडा, मांदेली, कोळंबी, मुडदुशी मिळाली तर तीच घ्या. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि तळहाताएवढंही न भरणारं पिल्लू कोणी वाट्यात दिलं तरी घेऊ नये. त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात.

---

चिखल्या

सासऱ्यांसाठी.

हर्णैचा किनारा म्हणजे कुरवांची (सीगल पक्ष्यांची) शाळा आहे. लिलावातली टाकलेली मासळी खायला हिवाळ्यात शेकड्याने येतात, मार्चच्या मध्यानंतर परतू लागतात. दोन कुरव सगळ्यांना सारखेच वाटतात. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं, कानाजवळ फक्त काळा ठिपका. उडताना पंख बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा लांबपर्यंत पांढरी असते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके. बसलेला असेल तर डोळा बघा, तपकिरी डोक्याच्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद. मार्चच्या सुरुवातीला निम्म्यांच्या डोक्याला रंग चढायला लागलेला असतो, तेव्हा ओळखणं आणखी सोपं. त्यांच्यात मधूनच एक थोराड, पिवळी चोच आणि चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा असलेला दिसला तर तो पलासचा कुरव.

कुरवांना शेव-फरसाण टाकू नका आणि मुलांनाही टाकू देऊ नका. मीठ-तेलाने त्यांचं नुकसान होतं, आणि लांबच्या परतीच्या प्रवासाआधी त्यांना मासळीतली चरबी लागते.

पाणपक्ष्यांसाठी अंजर्ल्याची खाडी, म्हणजे जोग नदीचं मुख, आणि तिच्यावरचा पूल. तुम्हाला वर दिलेल्या तिथी धरल्या तर दुपारी दीड-दोनला भरती, म्हणून चार वाजता पाणी उतरायला लागून चिखलाची पहिली कडा उघडी पडते. चिखल्ये, तुतवार, टिलवे सगळे त्याच कडेवर धावत येतात कारण किडे आणि बारीक जीव तिथेच वर असतात. पाणी अगदी खाली गेलं की पक्षी चिखलभर पांगतात आणि दुर्बिणीत फक्त ठिपके उरतात. म्हणून चार ते साडेपाच. सूर्य तेव्हा पश्चिमेला, पुलावरून पूर्वेकडे, खाडीच्या आत बघा, उजेड पक्ष्यांवर पडतो. समुद्राकडे तोंड केलंत तर सगळे काळेच दिसतील. पुलावर गाडी उभी करू नका, अरुंद आहे, अलीकडे लावून चालत या.

समुद्रगरुडाबद्दल. पांढरं पोट, राखाडी पाठ, पाचरीसारखी आखूड शेपटी, घिरट्या घालताना पंख वर उचललेले. वेळासच्या कासवांचा शोधही मुळात या गरुडाचा अभ्यास करताना लागला. घरटं गावाजवळच्या उंच आंब्यावर किंवा वडावर असतं, तेच वर्षानुवर्षं वापरतात, आणि झाडाखाली समुद्री सापांचे मणके पडलेले सापडतात. यजमानांना विचारलंत तर झाड दाखवतील. पण झाडापासून शंभर मीटर राहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं घरट्यात असतात. गरुड ओरडत घिरट्या घालायला लागला की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजून मागे फिरा.

८ बाय ४२ पुरेशी आहे. कुरवांसाठी तर तिला हातसुद्धा लावावा लागत नाही, इतके ते जवळ येतात.

---

नाखवा

होडीचं.

आईंचे गुडघे दुखत असतील तर सुवर्णदुर्ग नको. हर्णैहून होडीत चढताना आणि किल्ल्याच्या वाळूत उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, होडीच्या काठावरून पाय टाकावा लागतो. वर सावली नाही, पिण्याचं पाणी नाही, आत रान वाढलेलं. त्यांना मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात किंवा अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या. वरपर्यंत गाडी जाते.

बाकीच्यांनी जरूर जावं. भरती चढत असताना निघायचं, द्वितीया-तृतीयेला सकाळी दहा-साडेदहाला. ओहोटीच्या तळाला गेलात तर होडी खडकांमुळे लांब थांबते आणि शेवाळावरून चालावं लागतं. महादरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव मुलांना शोधायला सांगा, आणि तटावरचा मारुतीही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे महत्त्वाचं ठाणं. तासाभरात बघून होतो. दोन लिटर पाणी, टोपी, आणि पायात पट्ट्याच्या चपला. अंगठ्याच्या चपला लाटेत जातात.

डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. इथे दिसतो तो किनाऱ्याजवळ राहणारा, पाठीवर उंचवटा असलेला, राखाडी. तो खाडीच्या मुखाजवळ मासळी खायला येतो. सकाळी सात ते नऊ ही वेळ घ्या. त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, पाणी सपाट असतं आणि पाठ लांबूनही दिसते. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की लाटा फुटायला लागतात, गादा दिसत नाही आणि माणसांना मळमळ सुटते ती वेगळी. आईंना होडीत बसायचंच असेल तर ही सकाळची फेरी, पाळंद्याच्या किंवा कर्द्याच्या सपाट वाळूतून, दोघांनी हाताला धरून. बसायला मधली फळी द्या. टोकाला धक्के जास्त लागतात.

निघायच्या आधी तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) स्पष्ट सांगा: पाठलाग करायचा नाही. कळप दिसला की इंजिन मंद, पन्नास मीटरवर थांबायचं, समोर आडवं जायचं नाही. तीन-चार होड्यांनी घेरलं की गादा बुडी मारून लांब निघून जातो आणि पिल्लू असेल तर आई-पिल्लाची ताटातूट होते. शांत थांबलात तर पुष्कळदा तो स्वतःच जवळून जातो. लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवलेलं चालत नाही, मुलांचे पट्टे स्वतः ओढून बघा. खांदे धरून वर उचललं तर जॅकेट कानापर्यंत सरकता कामा नये.

गाडी वाळूत नेऊ नका, कोणी कितीही "घट्ट आहे" म्हटलं तरी. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू उधाणाचं पाणी यायला लागलं की खालून सैल होते आणि चाक फिरवलंत तितकं आत जातं. शिवाय हॅचरीत न गेलेलं एखादं घरटं खाली असू शकतं.

---

निशिगंध_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. शुद्ध प्रतिपदा ते तृतीया नक्की करतोय, शक्य झालं तर चतुर्थीपर्यंत राहतो. दोन शंका उरल्या. खडकांवर मुलांना नेताना कशापासून सांभाळायचं? आणि आईच्या जेवणाचं काय मागायचं, यजमान "काय करू?" विचारतात तेव्हा सुचत नाही.

---

कुयरी

आईंच्या जेवणाची काळजीच करू नका, या दिवसांत त्यांचंच ताट सर्वांत भरलेलं असेल. मार्चच्या सुरुवातीला ओले काजूगर येतात, त्यांची उसळ मागा. सोलायला वेळ लागतो, चिकाने हात भाजतात, म्हणून आदल्या दिवशी सांगायचं आणि दोन पैसे जास्त मागितले तर द्यायचे. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी, वर खोबरं. वालाचं बिरडं. केळफुलाची भाजी, तीही आदल्या दिवशी सांगून, कारण चिरून रात्रभर ताकात ठेवावी लागते, नाहीतर तुरट लागते. सकाळी घावन आणि नारळाचा रस. रात्री कुळथाचं पिठलं, मऊ भात, पोह्याचा पापड. आमरस मागू नका, या दिवसांत झाडाला कैऱ्याच असतात.

सोलकढी ताजी मागा. नारळाच्या दुधाची असल्याने उन्हाळ्यात तीन-चार तासांत आंबते, सकाळी करून ठेवलेली दुपारी तीनला पिऊ नये. आणि मोदक हवे असतील तर माणशी किती ते संख्येने सांगा, उकड मोजून काढतात.

---

खाजणकाठ

खडकांचं. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर उचलू देऊ नका, तो विषारी काटा मारतो. रिकामा वाटणारा शंख खिशात टाकण्याआधी मिनिटभर पाण्यात ठेवा, बहुतेकदा आत खेकडा राहत असतो. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, खालच्या बाजूचे जीव उन्हात काही मिनिटांत मरतात. उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) खाली लपलेलं असेल तर सरकून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या कडक पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि मग डॉक्टर गाठा, उष्णतेने त्या विषाचा जोर उतरतो. जेलीफिशचं उलट: गोडं पाणी लावायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. जाळ्यातून वाळूत टाकलेला साप मेलेला दिसला तरी लांब. समुद्री साप विषारी असतात.

पाण्याकडे पाठ करू नका, आणि ओहोटी उलटल्यावर पाऊण तासात खडकांवरून बाहेर या. भरती आधी मागच्या घळीत शिरते, पुढचा खडक कोरडा असतानाच परतीची वाट बंद होते.

क्रम असा लावा. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड. आंबेतचा पूल चालू आहे ना हे निघण्याआधी विचारा, नसेल तर महाडकडून म्हाप्रळला या. प्रतिपदेला थेट वेळास, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पिल्लं, गरुडाचं झाड. किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं आणि शेवटचा भाग वाळूचा, आईंसाठी घडीचं स्टूल घ्या. द्वितीयेला दहाला निघून अंजर्ले. नकाशात वेळास-केळशी शेजारी दिसतात पण मध्ये भारजा नदीची खाडी आहे, वळसा घालावा लागतो, दोन तास धरा. चारला खाडीचा पूल. तृतीयेला सकाळी सात ते नऊ एकतर गादा नाहीतर खडक, दोन्ही एका सकाळी बसत नाहीत. चौथा दिवस मिळाला तर दुसरं त्या दिवशी, चतुर्थीला ओहोटी नऊच्या पुढे येते. मग साडेदहाला किल्ला. लिलाव निघायच्या दिवशी, बर्फाची पेटी गाडीत तयार ठेवून. आणि रोख पैसे दापोली-मंडणगडलाच काढून घ्या, वेळासला मोबाइलची रेंज गेली की पैसे देणंही अडतं.